येऊ दे, येऊ दे

९ फेब्रुवारी

ठमे,

तू फोन उचलत नाहीस. नको उचलूस. मलाही आता तुझ्या फोनची ती घंटा ऐकत बसायची हौस राहिलेली नाही. म्हणून पत्र. पत्र मधेच कापता येत नाही, एवढा तरी फायदा.

सूनबाई, हे मोठ्याने वाच. तुझी सासू "ठेव ते बाजूला" म्हणाली तरी वाच. पाठ फिरवून बसली तरी तिला कान मिटता यायचे नाहीत. फक्त जिथे कंस येईल, तेवढं मनातल्या मनात वाचायचं. कंसातलं तुझं-माझं.

(परवा कामावरून चोरून फोन केलास ते बरं केलंस. दुसऱ्याही डोळ्याला सुरुवात झाली आणि बाईसाहेब इंजेक्शनला जायला तयार नाहीत, हे ऐकल्यापासून मला घास गोड लागत नाही. हा डोळा अजून वाचवता येईल असं डॉक्टर म्हणतात ना? मग वाचवायचाच. पण सरळ सांगून ऐकेल ती ठमी कसली! मला माझ्या पद्धतीने करू दे.)

तर ठमे, बातमी अशी की मी धूड चालवायला शिकतेय.

हसलीस ना? हस. धूड म्हणजे तेच, तुझ्या भावोजींनी निवृत्त झाल्यावर हौसेनं घेतलेलं फिरतं घर. आत पलंग, शेगडी, मोरी, सगळा संसार, आणि बाहेरून तू चालवायचीस त्या बसएवढं. जेमतेम दोन सहली झाल्या आणि यांचा खांदा गेला. ऑपरेशननंतर हात कमरेच्या वर जात नाही, आणि डॉक्टरांनी मोठं स्टिअरिंग कायमचं बंद केलं. तेव्हापासून धूड दारात उभं. मी त्यात कांदे वाळत घालायचे.

शिकायचं का ठरवलं, तेही सांगते. डोळ्यापायी तुझी बस सुटल्यावर त्या दिवशी फोनवर मी एवढंच म्हटलं होतं, "बस की गं लेकाच्या गाडीत बाजूला, मी नाही का जन्मभर बाजूला बसले?" आणि तू म्हणालीस, "तुला दुसरं येतंय काय!" आणि फोन आपटलास. लागलं गं मला. खोटं कशाला बोलू? भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, मी मनातल्या मनात तुझ्याशी भांडत होते. आणि दर वेळी तूच जिंकायचीस, कारण मला खरंच दुसरं काही येत नव्हतं. मग म्हटलं, थांब मेले, दाखवतेच तुला. जाऊन वर्गात नाव घातलं.

वर्ग फक्त बायकांचा. बंद पडलेल्या एका कारखान्याच्या आवारात भरतो. शिकवणाऱ्या बाई पूर्वी आगीचा बंब चालवायच्या, म्हणून आम्ही त्यांना बंबबाई म्हणतो. आवाजही बंबासारखाच. बाकी एक शिंपीण आहे, एक दातांची डॉक्टरीण आहे आणि दोघी-तिघी आणखी. सगळ्यांचं दुखणं एकच: धूड नवऱ्याने घेतलं आणि आता नवऱ्याला जमत नाही, किंवा नवराच नाही. कुणाचा नवरा सोबत आला तर त्याला दोरीच्या पलीकडे बसवतात आणि तोंड उघडायची परवानगी नसते.

पहिल्या दिवशी पुढे चालवणं झालं. अगं, जमलं मला! मग बंबबाई म्हणाल्या, "छान. आता मागे घ्या." मी हँडब्रेक ओढला, दार उघडलं, खाली उतरले, धुडाच्या मागे जाऊन उभी राहिले आणि हात हलवून म्हणाले, "येऊ दे, येऊ दे!"

धूड येईना. येणार कसं? चालवणारी मीच ना!

सवय गं ही. यांनी "मागे घेतो" म्हटलं की मी उतरायचं, मागे जाऊन उभं राहायचं, येऊ दे येऊ दे करायचं. आयुष्यभर तेच केलं. दोरीपलीकडचे सगळे नवरे हसून हसून लोळले. मग शिंपिणीची पाळी आली, तर तीही उतरली! बंबबाईंनी कपाळावर हात मारला. म्हणाल्या, दर वर्गात निम्म्या बायका उतरतात.

आता एक सांग मला. आरशात नुसत्या बाजू दिसतात. धुडाचं मागचं टोक कुठे संपतं ते बसमध्ये तुला कसं कळायचं?

(उत्तर बंबबाईंनी कधीच सांगितलंय. पण तू तिच्याकडून काढ. बोलती झाली की निम्मं काम झालं.)

तुझी
ताई


२६ फेब्रुवारी

ठमे,

उत्तर नाही. ठीक आहे. मी लिहीत राहीन, तू पाठ फिरवून बस. लहानपणीही रुसलीस की दाराकडे पाठ करून बसायचीस आणि कान मात्र माझ्याकडे.

आज एक पराक्रम सांगायचाय. आमच्या फाटकाचा खांब आता राहिलेला नाही.

झालं असं, की मी धूड घरून एकटीने बाहेर काढायचं ठरवलं. एकटी म्हणजे मागे तुझे भावोजी. "मी सांगतो ना तुला, काळजी नको," म्हणून छाती काढून उभे राहिले. आता "ये" म्हणायला माणूस हात कमरेपाशी हलवतो आणि "थांब" म्हणायला हात वर करतो, बरोबर? यांचा हात वर जातो कुठे? यांचं "ये" पण कमरेपाशी आणि "थांब" पण कमरेपाशी! मी आरशात बघतेय, हे हात हलवतायत, मला वाटलं येऊ दे म्हणतायत. आणि हे तिकडे जिवाच्या आकांताने थांब थांब करतायत. बरं, तोंडाने ओरडावं की नाही? तर म्हणे, "घाबरून माझा आवाजच फुटेना."

तिथेच संपलं असतं तरी ठीक. खांबाला मागून थोडं खरचटलं होतं, इतकंच. पण मी घाबरले, पुढे घेतलं आणि गर्रकन वळवलं. तर पुढचं तोंड गेलं इकडे आणि मागचं शेपूट गेलं तिकडे, आणि शेपटाने तो खांब मुळासकट उपटला! शेजारीण गॅलरीतून बघत होती. मी खाली उतरून, जणू खांब पाडायलाच आले होते असं तोंड करून आत निघून गेले.

 संध्याकाळी हे चहा घेऊन आले आणि म्हणाले, "तसाही तो खांब मला आवडत नव्हता." लग्नं टिकतात ती अशा खोटेपणावर, ठमे.

पण मला ते शेपूट काही कळत नाही. तू तर रोज वळवायचीस, त्या बाजाराच्या कोपऱ्यावर, माणसं, हातगाड्या, सगळ्यातून. कधी कुणाला लागलं नाही. मी एकदा तुझ्या बसमध्ये पुढच्या बाकावर बसले होते, आठवतं? तू ओळखसुद्धा दाखवली नाहीस. एकदाही मान वळवली नाहीस. मला इतका अभिमान वाटला होता की शेजारच्या बाईला मी सांगून टाकलं, "ती चालवतेय ना, ती माझी बहीण." तुला हे कधी सांगितलं नव्हतं.

तर सांग, शेपूट किती बाहेर जातं?

(इंजेक्शनची तारीख पुन्हा चुकवली म्हणालीस. लेकाच्या गाडीतून सिग्नलला दार उघडून उतरली आणि चालत घरी आली, हे ऐकून मला हसावं की रडावं कळेना. गाड्यांच्या मधून, त्या तसल्या नजरेनं! तिला रागवू नका. दुसऱ्याच्या शेजारी बसणं तिला सोसत नाही, एवढंच आहे ते. तू फक्त नवीन तारीख घेऊन ठेव. एप्रिलमधली.)

ताई


१७ मार्च

ठमे! ठमे, ठमे, ठमे!

पोस्टमन गेला आणि मी तिथेच, खांब नसलेल्या फाटकात, कार्ड वाचत उभी राहिले. तुझं अक्षर! एकेक अक्षर लिंबाएवढं, ओळी उताराला लागलेल्या, पण तुझं. पाठ झालंय मला: "शेपूट वळणाच्या उलट बाजूला जातं. आधी सरळ पुढे जा. मागची चाकं कोपरा ओलांडू देत, मग वळ. भावोजींना मागे उभं करू नकोस."

ना मायना, ना सही. तरी मी ते यांना मोठ्याने वाचून दाखवलं. शेवटचं वाक्य दोनदा.

तू सांगितलंस तसंच केलं, ठमे. कारखान्याच्या कोपऱ्यावर थांबले, जीव मुठीत धरून पुढे गेले, अजून पुढे, आता भिंतीत जाते की काय वाटेपर्यंत पुढे, आणि मग वळवलं. असं सुळकन आलं ते! बंबबाई म्हणाल्या, "हे कुणी शिकवलं?" मी म्हटलं, "बहिणीने. ती बस चालवते." चालवायची, असं म्हणायला जीभ वळेना.

गेल्या आठवड्यात परीक्षा झाली. चढावर थांबून पुन्हा सुटायचं होतं. माझी पाचावर धारण बसलेली. परीक्षक बाजूला बसून जांभया देत होते. त्यांची जांभई बघून मला बरं वाटलं. म्हटलं, हे घाबरलेले नाहीत तर मी कशाला घाबरू? पास झाले, बाई मी! परवान्यावरचा फोटो चोरासारखा आलाय, पण परवाना मोठ्या गाडीचा आहे.

आता ऐक. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात धूड घेऊन मी तुझ्याकडे येतेय. सहज. भेटायला.

(अकरा तारीख पक्की कर. तिला बोलू नकोस. मी आदल्या दिवशी निघते, वाटेत मुक्काम करते आणि सकाळी तिला नुसतं चक्कर मारायला म्हणून बसवते. एकदा बसली की थेट दवाखाना.)

ताई


२ एप्रिल

ठमे,

तुझं दुसरं कार्ड मिळालं. "येऊ नकोस. आमच्या गल्लीत ते वळणार नाही. आणि कंसातलं मी ऐकते. सून पहिल्यापासून सगळं वाचते."

सूनबाई, तुझ्यासमोर मी हात टेकले. पण रागावत नाही. सासूपासून काही लपवता न येणारी सून मिळायला नशीब लागतं, आणि ते ठमीचं आहे.

म्हणजे तुला बोलती करायलाच मी विचारत होते, हे माहीत असूनही तू मला शेपटाचं उत्तर पाठवलंस. मी त्याचा काय तो अर्थ काढलाय. तू नाही म्हण, मी काढलाय.

आता कंस बंद. सरळ बोलते.

मला भीती वाटते, ठमे. मी तुझ्यासमोर येऊन उभी राहीन आणि तुला माझ्या तोंडाच्या जागी नुसता काळा डाग दिसेल, याची भीती वाटते. एका डोळ्याने तसंच झालंय ना? मधलं गेलं आणि कडेकडेचं तेवढं राहिलं. दुसऱ्यात अजून मी आहे. मला त्यातून जायचं नाहीये. तू मला म्हातारी झालेली बघावीस, माझ्या केसांना नावं ठेवावीस, माझ्या साडीचा रंग वाईट आहे म्हणावंस. हे करायला मला दुसरी बहीण नाही.

तुझी बस गेली, त्याचं दुःख मला कळत नाही असं तू म्हणशील. खरंच कळत नव्हतं. पण आता त्या सीटवर बसल्यावर कळतं. एवढं मोठं धूड आपल्या हाताने वळतं, तेव्हा अंगात काय येतं ते मला या वयात समजलं. तू ते इतकी वर्षं रोज केलंस आणि एका सकाळी तुझ्याकडून काढून घेतलं. मी असते तर मीही कुणाच्या बाजूला बसले नसते. सिग्नलला उतरलेच असते.

पण एक ऐक. बाजूला बसणं म्हणजे नुसतं बसणं, असं तुला वाटतं. तसं नाही गं. ते काम आहे. चालवणाऱ्याला झोप यायला लागली हे त्याच्या आधी ओळखायचं. पाण्याची बाटली झाकण उघडून हातात द्यायची. चुकला तर लगेच बोलायचं नाही, पुढच्या वळणापर्यंत थांबायचं. त्याने शिवी दिलेल्या माणसाला आपणही मनापासून नावं ठेवायची. आणि ब्रेक आपल्या पायाखाली नाही, हे पहिल्या तासाभरात कबूल करायचं. तुला यातलं काहीही येत नाही. कसं येणार, कधी बसलीच नाहीस!

तू मला शेपूट शिकवलंस. बाजूला बसणं मी तुला शिकवते. मला दुसरं काय येतं, विचारलं होतंस ना? हे येतं. आणि आता तुझंही थोडं येतं.

गल्लीत वळणार नाही म्हणतेस, ते मान्य. पण सरळ आत तर येईल? मी येतेय. खाली येणं न येणं तुझ्या हातात. मी वर ओढायला येणार नाही.

ताई


११ एप्रिल
दवाखान्याच्या बाकावरून

सूनबाई,

हे पत्र तुला मिळेपर्यंत आम्ही घरी पोचलेलो असू, तरी लिहून ठेवते. तोंडाने सांगायला गेले तर तुझी सासू मधे मधे बोलेल आणि सगळं श्रेय घेईल. फोन केला होता, तू उचलला नाहीस. घराण्यातच आहे ते!

तुम्ही दोघं कामावर गेलात आणि थोड्या वेळाने मी गल्लीत शिरले. सरळ आत आले, तुमच्या दारासमोर थांबले, हॉर्न दिला. वर खिडकी बंद. पुन्हा दिला. समोरचे आजोबा बाहेर आले, दूधवाला थांबून बघायला लागला, खिडकी काही उघडेना. मी वाट बघितली. हे म्हणाले, "वर जाऊन बघतेस का?" मी म्हटलं, "नाही. शब्द दिलाय."

शेवटी निघायचं ठरवलं. डोळे भरून आले होते, तरी गाडी मागे घ्यायला लागले. आणि सूनबाई, ठमीचं खरं होतं. गल्ली अरुंद, मागे त्या किराणा दुकानाचा ओटा, एका बाजूला दिव्याचा खांब. मी मागे घेतेय, पुढे घेतेय, मागे घेतेय, इंजिन नुसतं किंचाळतंय. हे मागे उभे राहायला निघाले, त्यांना मी ओरडून बसवलं. घामाने हात स्टिअरिंगवरून सटकत होते. (मुद्दाम अडकवली का, असं विचारू नकोस. पहिल्यांदा तरी मुद्दाम नव्हती.)

तेवढ्यात वर खिडकी धाडकन उघडली. "क्लच जाळशील! सोड तो क्लच! वास इथपर्यंत येतोय!"

आणि आली की खाली! घरातल्या चपला, केस सुटलेले, कठड्याला हात लावत, पण भराभरा. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ मागच्या कोपऱ्यापाशी गेली, भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि धुडाच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या. धप धप. तिच्या कंडक्टरची रीत, आठवतं ना तुला? दोन थापा म्हणजे येऊ दे. एक थाप म्हणजे थांब. मला आरशात बघायची गरजच राहिली नाही. धप धप, मागे. धप, थांब. "आता पूर्ण वळव! आता सरळ कर! शेपूट बघ!" गल्ली गोळा झाली होती. पण मला त्या थापांशिवाय काही ऐकू येत नव्हतं. कशालाही न लागता, ओट्याला न लागता, खांबाला न लागता, बाहेर आले मी, मोठ्या रस्त्यावर.

मग ती पुढे आली, माझ्या दाराशी. दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "हं, उतर."

मी उतरले नाही. तिचा हात तसाच मुठीवर. तोंडावरचा रंग उतरताना मी बघितला. असं वाटलं की जावं आणि मिठी मारावी. पण मी स्टिअरिंग धरून बसून राहिले, कारण ती माझी जागा होती आणि आता मी हलले तर ती कधीच बाजूला बसणार नव्हती. बाजूच्या सीटवरून हे उठले आणि मागच्या सोफ्यावर जाऊन बसले. ठमीने हात काढला. धुडाच्या पुढून, पत्र्यावर बोटं फिरवत, वळसा घालून पलीकडे गेली. दार उघडलं. चढली. पट्टा लावला.

"कुठे जायचंय ते मला माहितेय," म्हणाली. "कंसातलं ऐकलंय."

पहिली दहा मिनिटं विचारू नकोस. हिचा पाय जमिनीवर आपटतोय, "गिअर, गिअर", "तो बघ आडवा येतोय", "हळू", "अगं मार ना पुढे!" मी ऐकत राहिले. म्हटलं, नवीन आहे बिचारी. शिकेल. पाण्याची बाटली मागितली तर तिने झाकणासकट दिली.

मग एकदम गप्प झाली. मला वाटलं, रडतेय. बघायची सोय नव्हती, समोर ट्रक होता. तर ही खिडकीला कपाळ लावून, मान जराशी वाकडी करून बाहेर बघत होती. वाकड्या मानेनं तिला कडेचं दिसतं ना, तशी.

"ताई," म्हणाली, "इथे पाणी आहे?"

मी म्हटलं, "मला काय माहीत? तुझा रस्ता."

"तळ्याचा थांबा आहे हा. रोज मी इथे बस उभी करायचे. मला वाटायचं, नुसतं नाव आहे. पूर्वी कधी असेल तळं आणि बुजलं असेल." मग थोड्या वेळाने, "केवढं मोठं आहे गं. पक्षी बसलेत कडेला. पांढरे."

इतकी वर्षं त्या थांब्यावर थांबली, सूनबाई. समोर बघायची, आरशात बघायची, चढणारी-उतरणारी माणसं बघायची. बाजूला बघायला वेळ कुठे होता तिला?

आता ती आत आहे. इंजेक्शन झालं की त्या डोळ्यावर पट्टी बांधतील. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत, पण आता एकही तारीख चुकवायची नाही. आत जाताना माझा हात धरून म्हणाली, "पुढच्या खेपेला तू नीट वेळेवर ये." आणि मग, "तुझी साडी काय भयानक आहे."

मी इथे बाकावर बसून रडतेय, हे बाजूला बसून मला पाणी देतायत. झाकण उघडून.

पुढच्या वेळी पट्टी नसताना आधी तळ्यावर थांबायचं, मग दवाखान्यात यायचं, असं ठरलंय. आज ती म्हणाली की पट्टी असली तरी थांब, पाण्याचा वास येतो का बघू. तेव्हा आम्हाला यायला उशीर होईल. फोन उचललास की सांगतेच, तुम्ही जेवून घ्या.

तुझी
मावशी